समुपदेशकाने मामा होऊ नये

सत्तावीस वर्षं ज्या माणसाला लोकांचं ऐकून ते कुणालाही न सांगण्याबद्दल पगार मिळाला, त्याला ‘तुमचे अनुभव जरा रंगवून लिहा’ असं सांगायला दिवाळी अंकाच्या संपादकांनाच सुचू शकतं. मी लगेच हो म्हणालो. शाळेच्या स्नेहसंमेलनात एकदा राजा झालो होतो, तेव्हापासून कुणी ‘या, पुढे उभे राहा’ म्हटलं की मला नाही म्हणता येत नाही. पुढे जे घडलं त्याचं मूळ याच खोडीत आहे, म्हणून ती आधीच कबूल करून टाकतो.

नावं बदलली आहेत. ज्यांना विचारायला हवं होतं त्यांना विचारलं आहे. तरीही वाचताना कुणाला ‘अरे, हा तर मीच’ असं वाटलं, तर तो तुम्ही नाही असं खुशाल समजा. तुमची गोष्ट याहून भारी होती, म्हणूनच मी ती घेतली नाही.

परभणीत एका संस्थेचा मानसिक आरोग्याचा दवाखाना आहे. तिथे डॉक्टर गोळ्या देतात आणि मी खुर्चीवर बसतो. आठवड्यातले तीन दिवस परभणी, उरलेले सेलू, मानवत, सोनपेठ असे एकेक. माणूस येतो, पंचेचाळीस मिनिटं बसतो, बोलतो. मी ऐकतो, मध्ये थोडं विचारतो, क्वचित काही सुचवतो. लोकांना वाटतं, यात अवघड काय? न्हाव्याच्या दुकानातही हेच चालतं. खरं आहे. फरक इतकाच, की न्हावी तुमच्या मुलीच्या लग्नाला येतो. मी यायचं नसतं.

आम्ही जेवायला जात नाही, भेटवस्तू घेत नाही, स्वतःच्या घरचं सांगत नाही आणि रस्त्यात दिसलात तर आधी ओळख दाखवत नाही. यात उद्धटपणा नाही. माणूस माझ्यासमोर जे बोलतो ते बोलू शकतो, कारण मी त्याचा कुणीच नसतो. मी रुसणार नाही, गावभर करणार नाही, पुढच्या वर्षी बांधावरच्या भांडणात तेच वाक्य त्याच्यावर उलटवणार नाही. कुणीच नसणं ही या कामातली माझी सगळ्यात मोठी पात्रता.

प्रशिक्षणाच्या वर्गात हे फार छान वाटतं. आमच्या जिल्ह्यात ते टिकवणं म्हणजे रोजची कसरत. इथे दोन अनोळखी माणसं शेजारी बसली, की चहा येईपर्यंत गाव, आडनाव, सासुरवाडी असं करत करत ती एकमेकांची पाहुणी निघतात. सेलूला एक निवृत्त मुख्याध्यापक यायचे. झोप लागत नाही ही तक्रार. पहिल्याच दिवशी त्यांनी माझी तपासणी सुरू केली.

‘गाव कोणतं म्हणालात?’

‘मी म्हणालो नाही, सर.’

‘बरं. सासुरवाडी?’

‘सर, तुम्ही झोपेचं सांगत होतात.’

‘झोपेचंच सांगायलोय. समोरचा माणूस कोन हाय ते कळल्याबिगर मला झोप येत न्हाई.’

तिसऱ्या आठवड्यात ते दारातूनच हात उंचावून आत आले. ‘तुमच्या मेव्हण्याची आत्या आमच्या चुलत्याच्या साडूकडं दिलेली हाय. आता बोला!’ त्यांनी तीन आठवडे फोन करकरून हा शोध लावला होता. त्या तीन आठवड्यांत त्यांना झोपही उत्तम लागत होती, हे डॉक्टरांच्या लक्षात आलं. निवृत्त माणसाला काम मिळालं होतं. मी मात्र त्यांच्यापुढे उघडा पडलो. पुढची प्रत्येक भेट ‘मेव्हणे काय म्हणतात?’ या प्रश्नानेच सुरू झाली.

मानवतच्या बसस्थानकावर याच्या उलट झालं. कापसाच्या जिनिंगवर काम करणारा नामदेव माझ्याकडे वर्षभर यायचा. तो समोरून येताना दिसला आणि मी नियमाप्रमाणे आकाशातले ढग बघू लागलो. तो आडवाच आला.

‘काय सायेब, वळख न्हाई का?’

मी हळूच म्हणालो, ‘नामदेवराव, तुमच्यासाठीच. लोक विचारतील, हे कोण म्हणून.’

त्याने क्षणभर विचार केला आणि फलाटावर उभ्या असलेल्या सगळ्या लोकांकडे वळला. ‘आयका हो! हे माझे डोक्याचे सायेब हायेत. लय बेस माणूस. कुणाच्या डोक्याला तकलीफ आसंल तर सोमवारी जावा, लाजू नका!’

पुढच्या सोमवारी दोन नवी माणसं आली. गोपनीयतेवरचं माझं व्याख्यान त्यानंतर थोडं लहान झालं.

अशा गोष्टी मी चहाच्या वेळी सहकाऱ्यांना साभिनय सांगतो. आता जी सांगणार आहे ती मी बरीच वर्षं सांगितली नाही.

सोनपेठ तालुक्यातल्या एका खेड्यातून द्वारकाबाई यायच्या. वय चाळिशीच्या आसपास. नवरा दत्तराव, थोडी शेती, एकुलती एक मुलगी मनीषा. पहिल्यांदा दत्तरावांनीच आणलं. बाई सहा महिन्यांपासून भिंतीकडे तोंड करून पडून होत्या, चूल पेटवत नव्हत्या, मुलीने हाक मारली तरी ओ देत नव्हत्या. एकुलता एक भाऊ मोटारसायकलच्या अपघातात गेला होता. आईवडील आधीच गेलेले. म्हणजे माहेर नावाचं जे काही असतं, त्याला कुलूप लागलं होतं. डॉक्टरांनी नैराश्याचं निदान केलं, गोळ्या सुरू केल्या आणि पंधरा दिवसांतून एकदा त्या माझ्यासमोर बसू लागल्या.

पहिले दोन महिने त्यांचं एकच वाक्य होतं, ‘काय सांगू, सर.’ मी म्हणायचो, ‘नका सांगू, बसा.’ मग एके दिवशी खिडकीकडे बघत त्या बोलल्या. शेवटच्या वेळी भाऊ घरी आला तेव्हा, गेलेल्या आईच्या आजारपणात कुणी किती केलं यावरून दोघांचं वाजलं होतं. जाताना तो ओसरीवर बसला आणि पाणी मागितलं. बाई रागाने उठल्याच नाहीत. तो स्वतः माठातलं पाणी घेऊन प्याला आणि गेला. त्यानंतर भेट नाही.

‘कुनालाच सांगितलं न्हाई हे. ह्यांनाबी न्हाई,’ त्या म्हणाल्या. ‘ह्यांना सांगितलं तर म्हनतील, कशी बहीन हाय ही.’

त्यांना ते मला सांगता आलं, कारण मी काहीच म्हणणार नव्हतो.

तिथून बाई सुधारू लागल्या. वर्ष-दीड वर्षात चूल पेटली, आठवडी बाजारात जाणं सुरू झालं, गोळ्यांचं प्रमाण कमी झालं. याच काळात कधीतरी मी ‘सर’चा ‘दादा’ झालो. माझ्या ते लक्षात आलं होतं. पण आमच्याकडे बसच्या कंडक्टरलाही दादा म्हणतात, असं म्हणून मी ते सोडून दिलं. खरं सांगायचं तर ऐकायला बरं वाटत होतं.

मग मनीषाचं लग्न ठरलं. द्वारकाबाई नवं लुगडं नेसून आल्या आणि खुर्चीवर न बसता उभ्याच राहिल्या.

‘दादा, एक मागायचंय. न्हाई म्हनायचं न्हाई.’

‘आधी काय ते सांगा.’

‘मनीषाच्या मागं मामा म्हनून उभं ऱ्हावा.’

लग्नात अक्षता पडायच्या आधी भटजी माईकवरून पुकारतात, मुलीच्या मामाने मुलीला घेऊन यावे. मामाने दिलेली पिवळी साडी नेसून मुलगी येते, मामा तिच्या मागे उभा राहतो. त्या पुकाऱ्याची बाईंनी वर्षभर धास्ती घेतली होती. पुकारा होईल, सगळा मांडव वळून बघेल आणि त्या दारातून कुणीच येणार नाही. तसा एक लांबचा चुलतभाऊ उभा राहायला तयार होता. पण त्यांना तो नको होता.

अशा वेळी काय करायचं हे मला पाठ होतं. नव्या मुलांना मी तेच शिकवतो. विनंतीला उत्तर द्यायच्या आधी विनंतीकडे बघायचं. ‘बसा बाई. मी तिथे उभा आहे असं डोळ्यांसमोर आणा. तुम्हाला तिथे कोण दिसतंय?’ एवढं विचारलं असतं तर पुढची पंचेचाळीस मिनिटं त्या भावासाठी रडल्या असत्या आणि ते रडणं त्यांच्या कामाचं होतं.

मी विचारलं, ‘फेटा असतो का?’

‘तर! केशरी,’ त्या म्हणाल्या.

ही गोष्ट मी डॉक्टरांना सांगितली नाही. माझी सहकारी सुजाता माझ्याहून बारा वर्षांनी लहान, पण नियमाला पक्की. तिलाही सांगितली नाही. आमच्या धंद्यात एक साधी खूण आहे. जे सहकाऱ्याला सांगावंसं वाटत नाही, तेच चुकतंय. ही खूणसुद्धा मीच शिकवतो.

लग्न झकास झालं. साडी माझ्या बायकोने निवडली. कुणासाठी ते तिने विचारलं नाही, इतक्या वर्षांत तिने विचारणं सोडलं आहे. पुकारा झाला. केशरी फेटा बांधून, पिवळ्या साडीतल्या मनीषाला घेऊन मी निघालो. राजा झालो होतो तेव्हाही इतक्या ऐटीत चाललो नव्हतो. मांडवात कुणीतरी विचारलं, ‘हे कोन?’ आणि उत्तर तयार होतं, ‘मानलेले भाऊ, परभणीचे.’ पुढे कुणी काही विचारलं नाही. दवाखान्याचं नाव कुठे निघालं नाही, याचा मला अभिमानही वाटला. एका म्हाताऱ्या बाईने माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, ‘एक गेला, देवानं दुसरा धाडला बग.’ ते ऐकून माझ्या अंगावर काटा यायला हवा होता. मी ते टाळ्यांसारखं घेतलं.

लग्नानंतर द्वारकाबाई दोनदा आल्या. पहिल्यांदा डब्यात धपाटे आणि दही घेऊन.

‘दादा, तुमी लय वाळलात. वहिनी खायला घालत न्हाईत का?’

‘माझं राहू द्या. तुमचं कसं चाललंय?’

‘माजं काय, बेस हाय. तुमी खावा.’

पंचेचाळीस मिनिटं त्यांनी माझी विचारपूस केली. मुलगी गेल्यावर घर कसं वाटतं, झोप येते का, गोळ्या चालू आहेत का, सगळ्याला उत्तर ‘बेस हाय’. दुसऱ्या वेळीही तेच. तिसऱ्या वेळी आल्या नाहीत. राखीपौर्णिमेला पाकिटातून राखी आली. मी फोन केला.

‘येत नाही तुम्ही, बाई?’

‘आता कशाला दादा? सगळं चांगलं चालू हाय. भावाकडं काय रडत यायचं आसतं का?’

मी फोन ठेवला आणि समाधानाने बायकोला राखी दाखवली. वास्तविक ‘सगळं चांगलं चालू हाय’ हा सूर मी हजारो नातेवाइकांच्या तोंडून ऐकलेला होता. समुपदेशकाला तो सूर ओळखू येतो. भावाला येत नाही, किंवा ओळखायचा नसतो.

दसऱ्याच्या आधी मनीषाचा फोन आला.

‘मामा, आईनं तुम्हाला सांगू नको म्हणलंय.’

‘सांग.’

‘लग्नापासून गोळी घेतलेली नाही तिनं. दिवसभर मळ्यात जाऊन बसती. काल मला म्हणली, तुझं झालं, आता माझं कशाला राहिलंय. बाबा घाबरलेत. मी म्हणलं मामाला सांगू, तर माझ्यावरच चिडली. म्हणली, दादाला काय वाटंल, एवढं उभं राहिला आपल्यासाठी आन मी अशी.’

फोनवर मी मामा होतो की कोण, मला आठवत नाही. एवढं केलं, की आईला एकटं सोडू नका असं दत्तरावांना सांगायला लावलं, शेतातली औषधं घरातून हलवायला सांगितली आणि त्याच दुपारी डॉक्टरांच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. साडी, फेटा, धपाटे, सगळं.

डॉक्टर कमी बोलतात. त्यांनी चष्मा काढून पुसला.

‘म्हणजे बाईंना ज्याच्यापाशी खरं बोलता येत होतं, असा एक माणूस होता,’ ते म्हणाले. ‘आता तोही भाऊ झाला.’

‘हो.’

‘भावाला त्या पाणी देऊ शकल्या नाहीत. तुम्हाला धपाटे दिले. आता तुम्हाला दुखवायची त्यांची छाती होईल का?’

‘नाही होणार.’

‘दोन रस्ते आहेत,’ डॉक्टर म्हणाले. ‘जाऊन सांगा, मी भाऊ नाही, मी समुपदेशक. म्हणजे त्यांचा भाऊ दुसऱ्यांदा जाईल. नाहीतर भाऊच राहा आणि खुर्ची सोडा.’

दार ढकलून सुजाता आत आली. तिला हाक मारली होती की ती दाराबाहेरच होती, मी विचारलं नाही. सगळं ऐकून ती एवढंच म्हणाली, ‘सर, उद्या माझी अकराची वेळ मोकळी आहे.’ तिच्या जागी मी असतो तर निदान तीन वाक्यांचं भाषण केलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी करून खेड्यात गेलो. द्वारकाबाई ओसरीवर बसल्या होत्या, केस न विंचरलेले. मला बघून घाईने पदर सावरला आणि हसल्या. ते हसू बघवत नव्हतं.

‘दादा, असं अचानक? बसा, च्या टाकते.’

‘चहा नको. परभणीला चला माझ्याबरोबर.’

‘मला काय झालंय?’

‘मला माहीत नाही आणि मी विचारणारही नाही. तिथे सुजाताबाई आहेत, त्यांच्यापाशी बसायचं.’

बाईंचं हसू गेलं. ‘तुमी आसताना दुसऱ्या बाईला काय सांगू? माज्यावर राग हाय का तुमचा?’

‘नाही.’

‘मग मला दुसरीकडं का लावून द्यायलाव?’

मी वाटेत बरंच काही ठरवून आलो होतो. त्यातलं काहीच उपयोगाचं नव्हतं. मी म्हणालो, ‘द्वारका, मी चुकलो. मांडवात उभा राहिलो तेव्हा तुझी बसायची जागा मी घालवली. भाऊ मिळाला, पण भावाची गाऱ्हाणी कुठे सांगणार तू? माझ्यापाशी?’

पहिल्यांदाच ‘तू’ म्हणालो होतो.

‘तुमची काय गाऱ्हानी आसनार,’ त्या म्हणाल्या.

‘असेल एखाददुसरं.’

‘फेटा वाकडा होता तुमचा,’ त्या म्हणाल्या. ‘सगळ्या फोटूत वाकडा हाय.’

‘हे आता सुजाताबाईंना सांग.’

दत्तरावांनी आतून चप्पल आणून त्यांच्या पायापाशी ठेवली. थोडा वेळ त्या चपलांकडे बघत राहिल्या, मग पाय सरकवले. दवाखान्यात आधी डॉक्टरांनी पाहिलं, गोळ्या पुन्हा सुरू केल्या, मग आम्ही सुजाताच्या खोलीकडे गेलो. सवयीने मीही आत पाऊल टाकलं. सुजाताने एक हात दारावर ठेवला.

‘सर, नातेवाइकांनी बाहेर बसायचं.’

दार लागलं. मी बाकावर बसलो. इतक्या वर्षांत त्या बाकावर मी कधी बसलो नव्हतो. फार अरुंद आहे, पाठ टेकत नाही आणि समोरच्या भिंतीवर बघायला काही नाही. शेजारी रुमाल बांधलेले एक म्हातारे गृहस्थ मुलाची वाट बघत होते. दहा मिनिटं गेली. आतून आवाज येत नव्हता. माझ्या खोलीतूनही पहिले दोन महिने त्यांचा आवाज यायचा नाही, असं मी स्वतःला सांगत होतो आणि घड्याळ बघत होतो.

‘तुमचं कोन हाय आत?’ म्हाताऱ्याने विचारलं.

‘बहीण.’

‘काय तकलीफ हाय तिला?’

‘मला सांगत नाही.’

‘आन् त्या बाईला सांगंल व्हय?’

तेवढ्यात आतून रडण्याचा आवाज आला. आधी दबका, मग मोकळा, मध्येच काहीतरी शब्द, पुन्हा रडणं. म्हातारा दचकून माझ्याकडे बघू लागला. माझे हात दाराकडे जायला निघाले होते, ते मी मांड्यांखाली घेऊन त्यावर बसलो.

‘सांगायलीय,’ मी म्हणालो.